जग्वार एक्सकेएसएस: १६, १८ की २५?

१९५६च्या हंगामानंतर जग्वार या ब्रिटिश मोटार कंपनीने स्वतःचा शर्यतींचा संघ गुंडाळला, तेव्हा कारखान्यात न विकल्या गेलेल्या डी-टाइप या शर्यतीच्या गाड्या उरल्या होत्या. त्यांतून २५ गाड्या रस्त्याजोग्या करून एक्सकेएसएस या नावाने मुख्यतः अमेरिकेत विकायचं ठरलं. चालकाच्या पाठीमागचा उभा कल्ला काढला, दोन आसनांमधली आडभिंत काढली, दुसरं दार, रुंद काच, कापडी टप आणि बारीक बंपर बसवले. सामानाला जागाच नव्हती, म्हणून मागे कॅरिअर आलं. ३.४ लिटरचं इंजिन मात्र शर्यतीचंच राहिलं.

१२ फेब्रुवारी १९५७च्या संध्याकाळी कॉव्हेंट्रीतल्या ब्राउन्स लेन कारखान्याला आग लागली. ९ गाड्या त्यात गेल्या. सलून गाड्यांचं काम थोड्याच दिवसांत पुन्हा सुरू झालं, पण एक्सकेएसएस १६वरच थांबली. पुढे दोन डी-टाइपना कारखान्यानेच हे रूप दिलं, म्हणून काही याद्यांत आकडा १८ दिसतो. या गाड्यांना जपणारे मालकही भेटले. हॉलिवूडच्या एका नटाने आपली विकली, मग चैन पडेना म्हणून परत मिळवली. ती आज लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे.

खरा गुंता ‘अस्सल’ या शब्दाचा. १९५५पासून डी-टाइपची पुढची फ्रेम मधल्या गाभ्याला बोल्टने जोडलेली असे. अपघातात एक भाग निकामी झाला की दुसऱ्या गाडीचा बसवायचा. शर्यतीच्या तंबूत यात कुणाला वावगं वाटत नसे. दशकं उलटल्यावर मात्र फ्रेम एकाकडे, गाभा दुसऱ्याकडे, आणि दोघेही एकाच चासी क्रमांकावर, म्हणजे गाडीची ओळख ठरवणाऱ्या सांगाड्याच्या क्रमांकावर, हक्क सांगतात, असे प्रसंग आले. ज्या गाडीची एक्सकेएसएस झाली तिची मुळं याच घराण्यातली, त्यामुळे तिची कागदपत्रंही तितक्याच बारकाईने तपासावी लागतात.

त्यात २०१६ साली कंपनीने जाहीर केलं की जळालेल्या ९ गाड्यांची जागा भरून काढणाऱ्या ९ नव्या गाड्या बांधणार. त्याआधी लाइटवेट ई-टाइप या जग्वारच्याच जुन्या शर्यतीच्या गाडीच्या, तेव्हा बांधायच्या राहिलेल्या ६ गाड्या अशाच बांधून झाल्या होत्या, २०१८ साली डी-टाइपच्या २५ गाड्यांची घोषणा झाली. या सगळ्यांना ‘कंटिन्यूएशन’, म्हणजे जुन्याच मालिकेच्या पुढच्या गाड्या, म्हणतात. एक्सकेएसएसची किंमत १० लाख पौंडांच्या वर होती. जुन्या गाड्या मोजूनमापून, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा पत्रा हाताने घडवून केलेलं ते काम अव्वल आहे, यात शंका नाही. नकली म्हणून त्यांची हेटाळणी करणं मला पटत नाही.

पण ९ गाड्या जळाल्या त्या जळाल्या. नव्या गाड्यांना नोंदवहीतले नवे क्रमांक मिळाले, ही प्रामाणिक गोष्ट झाली. तरीही ‘२५ पूर्ण झाल्या’ असं लिहिलं जातं तेव्हा आग लागलीच नव्हती असं वाटू लागतं. आणखी ५० वर्षांनी पत्रा तितकाच जुनाट दिसेल. तेव्हा फरक कळावा म्हणून प्रत्येक यादीत चासी क्रमांकाशेजारी बांधणीचं सालही छापलं जावं.