सैंधव, अळंबी आणि बेकनची चव

पुतण्या जर्मनीहून ऐन श्रावणात साताऱ्याला आला आणि दुसऱ्याच दिवशी त्याला तिकडचं वाटाण्याचं सूप आठवलं. त्यात म्हणे धुरावलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. श्रावणात ते आमच्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणं शक्यच नव्हतं, पण महिना संपल्यावर तरी करू म्हणून त्यानं घरी बेकन, म्हणजे तेच खारवून धुरावलेलं मांस, करायची पाककृती मोबाइलवर शोधली. साहित्यात 'पिंक सॉल्ट' होतं. वहिनींनी लगेच फडताळातून सैंधवाची बरणी काढली. "भाऊजी, गुलाबी मीठ म्हणजे आपलं उपासाचंच की!"

इथे मला मध्ये पडावं लागलं. मांस खारवायच्या पाककृतींतलं पिंक सॉल्ट म्हणजे साध्या मिठात सव्वासहा टक्के सोडियम नायट्राइट. जेवणातलं मीठ समजून कुणी वापरू नये म्हणून ते मुद्दाम गुलाबी रंगवतात. सैंधवाचा गुलाबीपणा लोहाच्या अंशाचा. नायट्राइटचं काम बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जिवाणू रोखायचं. ते सैंधवाला जमत नाही. उलटी चूक तर आणखी वाईट. नायट्राइट भाजीत चमच्यानं पडलं, तर रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहता येईनासा होतो आणि माणूस निळा पडतो. तेव्हा हा उद्योग घरी नकोच.

"मांस राहू दे काका, चव तरी येईल का?" पुतण्यानं विचारलं. हा प्रश्न मात्र मला आवडला.

खारवलेल्या मांसाची चव सुटी करून पाहिली, तर त्यात मीठ, धूर आणि तळलेली चरबी हे तिघं सहज ओळखू येतात. चौथी गोष्ट ओळखायला अवघड. मटणाचा रस्सा संपल्यावरही जिभेवर रेंगाळते ती. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बू या समुद्री शेवाळाच्या काढ्यातून ग्लुटामेट नावाचं द्रव्य वेगळं केलं आणि या चवीला 'उमामी' म्हटलं. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य शिन्तारो कोदामा यांना सुकवलेल्या माशात इनोसिनेट सापडलं. १९५७ मध्ये अकिरा कुनिनाका यांनी शिताके अळंबीतलं ग्वानिलेट ओळखलं, आणि त्यांच्याच लक्षात आलं की ग्लुटामेटच्या जोडीला या दोघांपैकी कुणी आलं की चवींची बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

खारवलेल्या मांसात दोन्ही बाजू आयत्याच असतात. शाळेत शिकलेलं एटीपी आठवा, पेशीचं ऊर्जेचं चलन. प्राणी मेल्यावर स्नायूतलं एटीपी तुटत तुटत इनोसिनेट होतं. मीठ लावून मांस महिनोन्‌महिने टांगलं की त्यातली विकरं (एन्झाइम) प्रथिनांच्या माळा कुरतडतात आणि ग्लुटामेट मोकळं होतं.

गुणाकाराचं गणित शिझुको यामागुची यांनी १९६७ मध्ये मांडलं. ते मी इथे देणारच, ज्यांना नको असेल त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी. १०० मिलिलिटर पाण्यात 'ग' ग्रॅम ग्लुटामेट आणि 'इ' ग्रॅम इनोसिनेट असेल, तर जाणवणारी चव = ग + १२१८ × ग × इ. आता ०.१ ग्रॅम ग्लुटामेट घ्या आणि इनोसिनेट फक्त एक मिलिग्रॅम, म्हणजे ०.००१ ग्रॅम. उत्तर येतं सुमारे ०.२२. एका मिलिग्रॅमनं चव दुपटीच्या वर गेली! आणि 'ग' शून्य असेल, तर इनोसिनेट कितीही ओता, या सूत्रात उत्तर शून्यच. ग्वानिलेट तर इनोसिनेटच्या दुपटीहून प्रभावी.

हे घडतं कसं? कासच्या पठारावर पावसाळ्यात दवबिंदू नावाची कीटकभक्षी वनस्पती दिसते. तिचीच परदेशी नातलग व्हीनस फ्लायट्रॅप. तिच्या पानाचे दोन पाळे किडा बसला की मिटतात. जिभेवर उमामी चव टिपणारा जो ग्राहक (रिसेप्टर) असतो, त्याचा टी१आर१ हा भाग अगदी अशा पाळ्यांसारखा असतो. ग्लुटामेट आत बिजागरीपाशी जाऊन बसतं आणि पाळे मिटतात, पण ते पुन्हा उघडू पाहतात. इनोसिनेट किंवा ग्वानिलेट पाळ्यांच्या तोंडाशी बसतं आणि मिटलेले पाळे मिटलेलेच धरून ठेवतं. दाराला कडी लावावी तसं. संदेश मेंदूकडे जात राहतो, चव रेंगाळते.

म्हणजे आम्हाला हवी होती एक ग्लुटामेटवाली वस्तू आणि एक कडी. ग्लुटामेट टोमॅटोत भरपूर. तो चिरून आटवला की आणखी दाट. कडी म्हणून एरवी आठवडी बाजारातली सुकट चालली असती. श्रावणात उरली वाळवलेली शिताके. अळंबी श्रावणात चालते का, यावर आमच्या घरात अर्धा तास वाद झाला. वंशवृक्षात अळंबी झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची आहे, हे मी त्या वेळी बोललो नाही.

पहिल्यांदा वहिनींनी घाईत उकळतं पाणी ओतलं. पाणी तपकिरी झालं, चव बेताचीच. कारण वाळल्या अळंबीत ग्वानिलेट तयार नसतंच फारसं, ते भिजवल्यावर घडवावं लागतं. वाळताना पेशी फुटतात. पाणी मिळालं की एक विकर आरएनएच्या साखळीचे तुकडे पाडतं. ग्वानिलेट हा त्यातलाच एक तुकडा. पण तिथेच दुसरं विकर ग्वानिलेट मोडून टाकायला टपलेलं असतं. कोमट पाण्यात हे मोडणारं जोरात, ६० ते ७० अंशांना ते लुळं पडतं आणि घडवणारं मात्र काम करत राहतं. उकळत्या पाण्यात दोन्ही मरतात. म्हणून अळंबी रात्रभर फ्रीजमधल्या गार पाण्यात भिजवायची आणि त्याच पाण्यासकट मंद आचेवर चढवायची. पाण्याला बोट लावलं तर चटकन मागे घ्यावं लागतं पण बुडबुडे नाहीत, अशा टप्प्यावर थोडा वेळ ठेवायचं. दुसऱ्या दिवशीच्या पाण्याचा घोट घेऊन पुतण्या गप्प झाला. एका घरातल्या दोन भांड्यांना मी पुरावा म्हणणार नाही, पण विकरांचं काम प्रयोगशाळेत तपासलेलं आहे.

यावर कुणी तरी विचारणारच, मग सरळ अजिनोमोटो का नाही? घाला की. अजिनोमोटोतलं ग्लुटामेट आणि टोमॅटोतलं ग्लुटामेट जिभेला वेगळं ओळखता येत नाही. त्याची भीती १९६८ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या पत्रावरून पसरली. पत्र, संशोधन नव्हे. मोबाइलवर फिरणाऱ्या 'विषारी पांढऱ्या भुकटी'च्या संदेशांची आजी तीच.

राहिला धूर. वहिनींनी वाटीत निखारा ठेवून तुपाचा थेंब सोडला. छान वास आला, पण बेकनचा नाही. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन जळताना ग्वायाकोल नावाचं द्रव्य निघतं, तो बेकनचा वास. कोळसा होतानाच ते उडून गेलेलं असतं. धुंगारात आपण हुंगतो ते जळलेलं तूप. मग निखाऱ्यावर करवंटीचा तुकडा ठेवला, तिच्यात लिग्निन भरपूर. वर दोन लवंगा. लवंगेतलं युजेनॉल म्हणजे ग्वायाकोललाच एक शेपूट जोडलेलं. शिवाय फोडणीत एक मसाला वेलची टाकली. ती मुळात भट्टीवर धुरातच वाळवतात.

सूप झालं. पुतण्यानं दोन वाट्या संपवल्या आणि म्हणाला, "आई, चव आली, पण दाताखाली काही येत नाही." वहिनी काही न बोलता उठल्या. सुक्या खोबऱ्याचे पातळ काप केले, तव्यावर कडा लाल होईपर्यंत परतले, वरून त्याच बरणीतलं सैंधव चिमटीनं भुरभुरलं आणि त्याच्या वाटीत टाकले.