वाईत ‘घाटावर’ आणि ‘घाटात’

वाईत उतरून ‘घाट कुठाय?’ विचारलंत, तर ‘कुठला?’ हा उलट प्रश्न ठरलेला. इथे नदीचा घाट वेगळा आणि डोंगराचा वेगळा, आणि फरक कळतो तो शब्दाच्या शेपटावरून. नदीच्या घाटावर बसायचं असतं. डोंगराच्या घाटात मात्र आपण असतो, बऱ्याचदा ट्रकच्या मागे.

घाटावर म्हणजे कृष्णेच्या काळ्या दगडी पायऱ्यांवर. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी असे सात घाट, आणि माघ-फाल्गुनात प्रत्येकाचा कृष्णाबाईचा उत्सव वेगळा. गणपती घाटावरचं ढोल्या गणपतीचं देऊळ रास्त्यांनी १७६२मध्ये बांधलं. आधी त्याच्या मागे जाऊन भिंत बघा. ती माशासारखी निमुळती केलीय, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी जावं म्हणून. मूर्तीसमोर रांग असते, भिंतीमागे कोणीच नसतं. तीनेक किलोमीटरवर मेणवली. तिथे नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या पाठीमागे घाट, आणि घाटावरच्या देवळाजवळ चर्चची घंटा! १७३९च्या वसई मोहिमेतली लूट ती. याच मेणवलीहून पांडवगडाची पायवाट चढते. चालायचं असेल तर उन्हाच्या आधी निघा, वर सावली फारशी नाही.

घाटात म्हणजे पसरणीच्या. वाईहून पाचगणी जेमतेम बारा-तेरा किलोमीटर, पण वळणं अशी की गाडी लागणाऱ्यांनी पुढेच बसावं. वर चढताना खाली वाई, कृष्णेचं खोरं आणि धोम धरणाचं पाणी उलगडत जातं. ज्या गावाच्या नावाने हा घाट ओळखला जातो, ती पसरणी शाहीर साबळ्यांची. मांढरदेवकडून भोरला उतरणारा घाटही आहे. तिकडे गर्दी कमी, म्हणून मला तोच जास्त आवडतो.

पावसाळ्यात दोन्हींची भीती वेगळी. धोममधून पाणी सोडलं की पायऱ्या बुडतात, आणि उघड्या राहतात त्यांवर शेवाळं. पसरणीत धुकं आणि दरड.

बहुतेक गाड्या पुणे-सातारा महामार्गावरच्या सुरूर फाट्यावरून वळतात आणि वाई ओलांडून थेट पसरणीला लागतात, पाचगणीची घाई. निदान उतरताना तरी थांबा. संध्याकाळी पायऱ्यांचा दगड अजून कोमट असतो.

आणि हो, सोबत कोकणातलं कुणी असेल तर गोंधळ वाढेल. त्यांच्या लेखी आख्खी वाईच ‘घाटावर’.