वाकडा वाडा पडत का नाही?

इंग्लंडच्या चेशर परगण्यातल्या 'लिटल मोर्टन हॉल'चा फोटो दिसला की बघणारा हमखास म्हणतो, 'हा आता कोसळणार!' दिसतोही तसाच. खंदकाच्या पाण्याकाठी काळ्या-पांढऱ्या नक्षीचा, भिंती फुगलेला लाकडी वाडा. पण मोर्टन घराण्याने तो १५०४च्या सुमारास बांधायला घेतला, १६१०पर्यंत वाढवत नेला आणि अजून तो उभा आहे.

सांगाडा ओक या झाडाच्या लाकडाचा, तेही ओल्या. वाळलेला ओक भलताच टणक, आणि जाड तुळई वाळायला इंचामागे साधारण एक वर्ष जातं. तेवढं कोण थांबणार? म्हणून सुतार ओल्या लाकडातच सांधे करत. लाकूड वाळताना पेशींच्या पोकळीतलं पाणी आधी उडतं, तेव्हा आकार बदलत नाही. ओलावा तीस टक्क्यांच्या खाली उतरला की पेशींच्या भित्तिकांतलं पाणी सुटू लागतं आणि लाकूड आकसतं. वर्षवलयांच्या दिशेने सर्वांत जास्त, गाभ्याकडे त्याच्या निम्मं, लांबीत जवळपास नाहीच. त्यामुळे खांब पिळवटतो, चिरतो. पण आखूड होत नाही.

खरी गंमत सांध्यात आहे. एका तुळईत खाच, दुसरीच्या टोकाला त्यात बसणारी कूस, आणि दोन्हींतून आरपार भोक. कुशीतलं भोक मुद्दाम किंचित मागे, तिच्या मुळाकडे पाडायचं. म्हणजे भोकं जुळत नाहीत! मग वाळलेल्या ओकची निमुळती खुंटी ठोकली की ती वाट काढताना कुशीला खाचेत आणखी ओढते. पुढे भोवतीचं लाकूड आकसून खुंटीला आवळतं. हा सांधा मोडण्याआधी थोडा हलतो, वळतो, भार शेजारच्या तुळयांवर सरकवतो.

वाकडेपणाचं कारण वेगळं. वरच्या मजल्यावर ६८ फुटी लांबट दालन चढवलं आणि छपराला वाळूच्या दगडाच्या जड फरश्या घातल्या. त्या वजनाने खालचे मजले दबले, फुगले.

अशा वाड्यात रात्री कुरकुर ऐकू आली की भुताची गोष्ट तयारच असते. हवेतली आर्द्रता बदलली की लाकूड फुगतं-आकसतं आणि सांधे बोलतात, एवढंच. कुरकुरीला धनी शोधायचाच तर अंगणातल्या खिडक्यांवर नाव कोरलेलं आहे: रिचर्ड डेल, सुतार, १५५९.