जुन्या ट्रॅक्टरला मूळ रंग: शेड कशी जुळवतो आणि ग्राहकाने काय पाहावे

रंगाच्या दुकानात डब्यावर ट्रॅक्टरच्या कंपनीचे नाव सापडते, साल सापडत नाही. आणि सगळी गडबड सालातच आहे. महिंद्राने १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टर कंपनी काढली, त्या काळापासूनचा बी-२७५ चा लाल आणि आजच्या नव्या मॉडेलचा लाल एकच असेल असे धरून चालू नका. फोर्ड ३६०० निळा, फार्मट्रॅकही निळा. म्हणून एकाचा डबा दुसऱ्याला चालतो असेही नाही. हार्डवेअरच्या दुकानात 'सिग्नल रेड' किंवा 'पोस्ट ऑफिस रेड' मिळतो. ते आयएस ५ या भारतीय मानकातले ५३७ आणि ५३८ क्रमांकाचे रंग. चांगले रंग आहेत, पण ते ट्रॅक्टरसाठी ठरवलेले नाहीत. दुरून चालून जातील. जुन्या बॉनेटशेजारी नवा मडगार्ड बसवला की फरक उघडा पडतो.

म्हणून शेड आम्ही, म्हणजे रंग जुळवून देणारे, नावावरून काढत नाही, ट्रॅक्टरवरूनच काढतो.

मूळ रंग कुठे शिल्लक असतो

बॉनेटच्या वरच्या पत्र्यावरून शेड कधीच घेऊ नये. नागपूरच्या उन्हात वर्षानुवर्षे उभ्या ट्रॅक्टरचा लाल आधी विटकरी, मग गुलाबीसर होतो आणि हात फिरवला की बोटाला पावडर लागते. रंगातले राळेचे बंधन उन्हाने तुटते आणि रंगद्रव्य सुटे होते, ती ही पावडर. मूळ रंग टिकतो तो ऊन, डिझेल आणि हात न पोहोचलेल्या जागी: डॅशबोर्डच्या पत्र्यामागे, हेडलाइटच्या रिंगखाली, कंपनीच्या पाटीखाली, टूलबॉक्सच्या झाकणाच्या आतून, मडगार्डच्या बोल्टच्या वॉशरखाली. रिमचा रंग पाहायचा तर डिस्क आणि रिम जिथे एकमेकांना टेकतात ती बाजू पाहा. बऱ्याच ट्रॅक्टरवर डिस्क एका रंगाची आणि रिम दुसऱ्या रंगाची असते, आणि मधल्या कुणा पेंटरने दोन्हींवर चंदेरी मारलेली असते. बॅटरीच्या पेटीजवळचा नमुना मात्र घेऊ नका. आम्लाच्या वाफेने तिथला रंग बदललेला असतो.

पूर्ण ट्रॅक्टर आमच्याकडे आणण्याची गरज नाही. टूलबॉक्सचे झाकण किंवा डॅशबोर्डचा पत्रा पुरतो. रुपयाच्या नाण्याएवढी सपाट, न खरवडलेली जागा मिळाली की मशीनने रंग मोजता येतो. आणण्याआधी साबणाच्या पाण्याने धुवा, बस. ब्रशने घासू नका, पॉलिश लावू नका, डिझेलने पुसू नका.

ट्रॅक्टर दोन-तीनदा रंगवलेला असेल तर आम्ही एका कोपऱ्यात ३२० आणि मग ६०० नंबरच्या वॉटर पेपरने गोल घासून थर उघडे करतो. मध्ये पत्रा, त्याभोवती प्रायमर, मग कंपनीचा रंग, मग नंतरचे रंग, अशी वलये दिसतात. प्रायमरला लागून असलेले पहिले वलय आपल्या कामाचे. ग्राहक कधीकधी सांगतात, 'आमचा ट्रॅक्टर पहिल्यापासून केशरीच होता', आणि वलयात तिसरा थर केशरी निघतो. वाद घालण्यापेक्षा घासून पाहिलेले बरे.

कोणता रंग जुळवायचा, हे आधी ठरवा

पूर्ण ट्रॅक्टर रंगवायचा असेल तर झाकलेल्या जागेचा, म्हणजे कारखान्यातून निघाला तेव्हाचा रंग धरावा. एकच मडगार्ड बदलला असेल आणि बाकी ट्रॅक्टर तसाच ठेवायचा असेल तर मूळ शेड काय कामाची? ती बाजूला भडकच दिसेल. अशा वेळी शेजारच्या पत्र्यावर रबिंग कंपाउंड फिरवून वरची पावडर काढतो आणि खाली जो रंग निघेल तो जुळवतो. ही दोन कामे वेगळी आहेत. बोलणी करतानाच सांगा.

मशीनचे मोजमाप म्हणजे निम्मे काम. मूळ नमुना आणि बनवलेला रंग यांतल्या फरकाचा आकडा (डेल्टा-ई) १ च्या आत आला तर डोळ्याला सहसा कळत नाही, २ च्या पुढे गेला की शेजारी ठेवल्यावर दिसतो. त्यानंतर आम्ही पत्र्याच्या तुकड्यावर, ट्रॅक्टरला मारणार तोच प्रायमर मारून, त्यावर नमुना फवारतो आणि पूर्ण वाळू देतो. ओल्या रंगावर निर्णय घेऊ नये; वाळल्यावर शेड सरकते, बहुधा गडद बाजूला. तुकडा सकाळी दहाच्या सुमारास सावलीत, मूळ नमुन्याला चिकटवून पाहावा. ट्यूबलाइटखाली हुबेहूब जुळलेले दोन लाल अंगणात वेगळे निघू शकतात, कारण दोन्हींत रंगद्रव्ये वेगळी असतात. ग्राहकाने दिवसाउजेडी तुकडा पाहून हो म्हटल्याशिवाय पूर्ण रंग बनवू नये, असे आमचे मत आहे.

प्रायमरने लाल का बदलतो

जुन्या काळी शेतीच्या यंत्रांवरच्या लाल-केशरी रंगांत शिशाची रंगद्रव्ये सर्रास असत. ती खालचा पत्रा एका हातात झाकत. आजचे शिसेविरहित लाल त्या मानाने पारदर्शक असतात, म्हणून खालच्या प्रायमरचा रंग वर डोकावतो. रेड ऑक्साइडवर लाल तपकिरीकडे झुकतो, करड्यावर थोडा थंड दिसतो, पांढऱ्यावर उजळतो. बॉनेट जुने, मडगार्ड नवे, ग्रिल तिसऱ्या दुकानातले असेल आणि प्रत्येकाखाली वेगळा प्रायमर असेल तर एकाच डब्यातून तीन लाल निघतात. मग दोष डब्याला दिला जातो. उपाय साधा आहे: सगळ्या पत्र्यावर एकच करडा सर्फेसर, म्हणजे रंगाखाली पृष्ठभाग एकसारखा करणारा हात.

नव्या मडगार्डवर काळा किंवा करडा पातळ हात मारून येतो. थिनरचे फडके अर्धा मिनिट दाबून पाहा. रंग फडक्याला आला तर तो हात पूर्ण काढावा लागतो, नाहीतर वरचा रंग सुरकुततो. जुन्या सिंथेटिक इनॅमलवर थेट पीयू (पॉलियुरेथेन रंग) मारला तरी हेच होते.

जुना रंग कोरडा घासू नका. शिशाची धूळ उडते, म्हणून पाणी लावून घासावे आणि मास्क घालावा. निघालेले पोपडे गोठ्याजवळ पडू देऊ नका. जनावरे ते चाटतात आणि शिशाची विषबाधा होते.

सिंथेटिक की पीयू

सिंथेटिक इनॅमल स्वस्त, ब्रशनेही लागते, पण डिझेल सांडत राहिले की मऊ पडते. पीयू दोन भागांचा असतो: रंग आणि हार्डनर. डिझेल आणि ऊन दोन्ही चांगले सोसतो. पत्र्याला पीयू आणि इंजिन-गिअरबॉक्सला इनॅमल, अशी विभागणी खिशाला परवडते आणि दिसतेही बरी. वर क्लिअर कोट मात्र नको. कारसारखी काचेची चमक जुन्या ट्रॅक्टरवर परकी वाटते आणि तीच शेड जास्त गडद भासते. मूळ रूप हवे असेल तर थेट चमकणारा पीयू पुरे.

३५ ते ४० एचपीच्या ट्रॅक्टरला थिनर मिसळण्याआधी साधारण इतके लागते: पत्र्याला २ लिटर, इंजिन-गिअरबॉक्स-अ‍ॅक्सलला दीड लिटर, चारही रिम-डिस्कला १ लिटर, सर्फेसर २ लिटर. पत्र्याचा सगळा रंग एकाच वेळी बनवून घ्या. पाव लिटरची नंतरची बॅच अचूक येत नाही, कारण तिथे अर्ध्या ग्रॅमची चूकही शेड हलवते. दोन डबे झालेच तर गनमध्ये भरण्याआधी एकत्र ओतून ढवळावेत.

काम आपल्या पेंटरकडून करून घेणार असाल तर त्याला एवढे सांगा. तेलकटपणा पेपर मारण्याआधी काढायचा; नंतर काढला तर घासताना तेल पत्र्यात मुरलेले असते आणि रंगात मासोळीच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. टायर पॉलिशमधल्या सिलिकॉननेही तेच होते. पुट्टीत हार्डनर १०० ग्रॅमला २ ते ३ ग्रॅम. जास्त घातला तर महिन्याभराने रंगावर डाग उमटतो. पीयूच्या डब्यावर ४:१ (रंग चार भाग, हार्डनर एक) लिहिले असेल तर ४:१ च, अंदाजपंचे नाही. हार्डनर वाढवल्याने रंग कडक नव्हे, ठिसूळ होतो. रंगाचा पातळपणा मोजायच्या बी-४ कपातून तो १८ ते २२ सेकंदांत रिकामा व्हावा, गनला १.३ किंवा १.४ मिमीचा नोजल, दोन-तीन हात, मध्ये दहा मिनिटे. पीयू फवारताना रुमाल चालत नाही, कार्ट्रिजचा मास्क लागतो.

ब्रीदर, डिपस्टिक, लिफ्टचा चकचकीत रॉड, बेल्टच्या पुली आणि चेसिस नंबर झाकून ठेवा. अर्थिंगची पट्टी जिथे बसते तिथला रंग खरवडलाच पाहिजे. तो राहिला की बॅटरी चांगली असून स्टार्टर रडतो. रेडिएटरच्या जाळीवर जाड रंग म्हणजे इंजिन तापणार. सायलेन्सर आणि मॅनिफोल्डला साधा रंग दोन दिवसांत करपतो, त्यांना उष्णतारोधक अ‍ॅल्युमिनियम पेंट लावा.

नागपुरात कधी रंगवावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मे महिन्यात सावलीत ४५ अंश असते, तेव्हा उन्हात ठेवलेल्या पत्र्याला हात लावता येत नाही; रंग पोहोचेपर्यंत वाळतो, खरखरीत बसतो, बुडबुडे धरतो. तेव्हा काम पहाटेच आणि सावकाश उडणाऱ्या थिनरने. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी रोज काढावे लागते आणि झड लागली की थांबावे लागते. दसऱ्याच्या पूजेला ट्रॅक्टर चमकायला हवा असेल तर किमान तीन आठवडे आधी आणा. आदल्या आठवड्यात आलेल्या ट्रॅक्टरला घाईत मारलेला रंग दिवाळीपर्यंत बोलका होतो.

मूळ रंगच परत लावत असाल तर आरसी बुकात काही बदलत नाही. रंग वेगळा करणार असाल तर आरटीओत नोंद करावी लागते.

रंगानंतर

जुने स्टिकर काढण्याआधी मोजपट्टी लावून फोटो घ्या, नाहीतर नवे कुठे बसवायचे यावर भांडण होते. नवे स्टिकर किमान आठवड्याने; लवकर लावले तर उडणारा थिनर खाली फुगे आणतो. पहिला महिना प्रेशरचे पाणी मारू नका. कन्हार, म्हणजे भारी काळ्या, जमिनीतला चिखल मडगार्डच्या आतून काढत जा, तो ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून खातो. काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेत मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारत असाल तर त्याच संध्याकाळी ट्रॅक्टर साध्या पाण्याने धुवा: मोरचूद टवका उडालेल्या जागी लोखंडावर तांबे बसवते आणि तिथून गंज झपाट्याने पसरतो. टवक्यांसाठी आम्ही उरलेला रंग हार्डनर न मिसळता लहान डब्यात काठोकाठ भरून देतो. झाकणावरच्या चिठ्ठीत प्रत्येक टिंटरचे (शेड बनवायला मिसळलेल्या रंगाचे) ग्रॅममधले प्रमाण लिहिलेले असते. ती चिठ्ठी फाडू नका.