200 प्रवासी, 43 किनारे: स्वालबार्डच्या ध्रुवीय सफरींची पार्श्वभूमी

1 जानेवारी 2025 पासून उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांच्या संरक्षित क्षेत्रात जाणाऱ्या जहाजावर 200 पेक्षा जास्त प्रवासी चालत नाहीत. या क्षेत्रात प्रवाशांना खाली उतरवायचे असेल, तर नॉर्वे सरकारने ठरवून दिलेल्या 43 ठिकाणीच उतरवता येते. किनाऱ्याला चिकटून गोठलेला बर्फ फोडत आत शिरायला बंदी आहे. हिमअस्वलापासून 300 मीटर, आणि 1 मार्च ते 30 जून या काळात 500 मीटर अंतर ठेवणे बंधनकारक आहे. सफरी काढणाऱ्या अनेक कंपन्यांना हे नियम जाचक वाटले. आमच्या मते या बेटांचा इतिहास पाहिला तर ते उशिराच आले.

सफरींच्या माहितीपत्रकांत स्वालबार्डला हमखास ‘माणसाचा हात न लागलेला प्रदेश’ म्हटलेले असते. ते खरे नाही. नॉर्वेची मुख्य भूमी आणि उत्तर ध्रुव यांच्या मध्ये, 74 ते 81 अंश उत्तर अक्षांशांत पसरलेला हा द्वीपसमूह साधारण 61,000 चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या एक पंचमांश. गेल्या चार शतकांत तो एकदा नव्हे, तीन-चारदा लुटला गेला आहे. आज तिथे जे दिसते, ते लुटीतून वाचलेले आणि नंतर कायद्याने राखलेले आहे.

डच दर्यावर्दी विलेम बॅरेंट्स 1596 च्या जूनमध्ये इथे पोहोचला. सुळक्यांसारखे डोंगर पाहून मुख्य बेटाला स्पिट्सबर्गन हे नाव पडले. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांतच देवमाशांची शिकार सुरू झाली. बोहेड जातीचा देवमासा संथ पोहतो, त्याच्या अंगावर चरबीचा जाड थर असतो आणि मेल्यावर तो बुडत नाही, तरंगतो. शिकाऱ्याला याहून सोयीचे जनावर कोणते? ॲम्स्टरडॅम बेटावर डचांनी स्मीरनबर्ग हा तळ उभारला. तांब्याच्या अवाढव्य कढयांत चरबी कढवून तेल काढायचे, ते पिंपांत भरायचे आणि दिव्यांसाठी, साबणासाठी युरोपात पाठवायचे, असा हा धंदा. तिथे हजारो माणसांचे शहर वसले होते ही दंतकथा अजून सांगितली जाते. उत्खननातून दिसते ते असे की भर हंगामातही वस्ती दोनेकशे माणसांचीच असावी. भट्ट्यांभोवती सांडलेले तेल आणि वाळू यांचा घट्ट झालेला थर आजही पायांपुढे दिसतो. त्यावर पाऊल टाकायचे नसते. काही दशकांत खाड्यांमधले देवमासे संपले आणि जहाजे खुल्या समुद्रात, बर्फाच्या कडेला शिकार शोधू लागली. बोहेड आजही या भागात विरळाच दिसतो.

देवमाशांनंतर पाळी आली वालरस, कोल्हे, रेनडिअर आणि अस्वलांची. अठराव्या शतकात रशियाच्या श्वेत समुद्राकाठचे पोमोर शिकारी इथे हिवाळा काढत. नंतर नॉर्वेजियन शिकारी आले. त्यांची एक पद्धत नोंदवून ठेवण्यासारखी आहे. लाकडी पेटीत बंदूक ठेवायची, नळीच्या तोंडाशी आमिष लावायचे आणि त्याची दोरी चापाला बांधायची. अस्वलाने आमिष ओढले की गोळी सुटे. शिकारी जवळ असण्याची गरजच नसे, त्यामुळे पिल्ले असलेली मादी आहे की एकटा नर हे पाहण्याचा प्रश्नही नसे. रेनडिअरना 1925 मध्ये आणि वालरसना 1952 मध्ये संरक्षण मिळाले, तोवर दोन्ही संपत आले होते. हिमअस्वलांची शिकार 1973 मध्ये थांबली, त्याच वर्षी इथली पहिली राष्ट्रीय उद्याने आणि मोठी राखीव क्षेत्रे जाहीर झाली. वालरस आता पुन्हा हजारोंनी दिसतात. एजओया बेटावरच्या काप ली इथे वालरसांच्या जुन्या कत्तलीतली हाडे अजून विखुरलेली आहेत आणि त्याच किनाऱ्यावर जिवंत वालरस येऊन पहुडतात.

पर्यटक या सगळ्याच्या मध्येच येऊ लागले होते. 1856 मध्ये लॉर्ड डफरिन आपल्या शिडाच्या जहाजातून स्पिट्सबर्गनला जाऊन आले. हेच डफरिन पुढे भारताचे व्हाइसरॉय झाले. नियमित सफरींची सुरुवात मात्र विल्हेल्म बाडे या जर्मन कप्तानाने 1891 मध्ये केली. 1869-70 च्या जर्मन ध्रुवीय मोहिमेत तो ‘हान्सा’ जहाजावर अधिकारी होता. ते जहाज बर्फात चिरडले गेले आणि खलाशांनी सारा हिवाळा तरंगत्या हिमतुकड्यावर काढला. त्या अनुभवातून गेलेला माणूस वीस वर्षांनी त्याच समुद्रात हौशी प्रवासी घेऊन जातो, ही गोष्ट या व्यवसायाच्या मुळाशी आहे. प्रवाशाला धोका जवळून पाहायचा असतो, पण तो ओळखणारा माणूस सोबत हवा असतो. 1896 मध्ये रिचर्ड विथच्या कंपनीने हॅमरफेस्टहून उन्हाळी बोटसेवा सुरू केली आणि ॲडव्हेंटफ्योर्डच्या काठी एक छोटे हॉटेलही बांधले. हॉटेल थोड्याच काळात बंद पडले, जागेचे नाव होटेलनेसेत हे मात्र टिकले. आजचा विमानतळ तिथेच आहे.

1901 मध्ये अशाच एका सफरीत जॉन मनरो लाँगइयर हा अमेरिकन उद्योजक कुटुंबासह आला आणि डोंगरातले कोळशाचे थर पाहून परतला. 1906 मध्ये त्याच्या कंपनीने खाणगाव वसवले. 1916 मध्ये खाणी नॉर्वेजियन कंपनीकडे गेल्या. आज बहुतेक सफरी जिथून सुटतात ते लाँगइयरब्येन हेच. म्हणजे पर्यटनाने खाणी आणल्या आणि खाणींच्या गावाने पुढे पर्यटन पोसले.

तोवर ही बेटे कोणाच्याच मालकीची नव्हती, म्हणून खाणकामाबरोबर भांडणेही आली. 9 फेब्रुवारी 1920 रोजी पॅरिसमध्ये स्वालबार्ड करार झाला आणि 14 ऑगस्ट 1925 पासून लागू झाला. सार्वभौमत्व नॉर्वेचे, पण करारातल्या सर्व देशांच्या नागरिकांना तिथे जाण्या-राहण्याचा आणि व्यवसायाचा समान हक्क, असा तोडगा निघाला. ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारताचे नाव त्यात पहिल्यापासून आहे. नी-ओलेसुंड इथे 1 जुलै 2008 रोजी सुरू झालेले ‘हिमाद्री’ हे भारतीय संशोधन केंद्र गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रामार्फत चालवले जाते. सफरीचे जहाज नी-ओलेसुंडला लागले तर मोबाइल विमान-स्थितीत टाकावा लागतो, वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे लागते, कारण तिथल्या वेधशाळेची उपकरणे अतिशय क्षीण रेडिओ लहरी टिपत असतात. भारतीय प्रवाशांची हमखास होणारी एक चूक इथेच सांगायला हवी. स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा नाही, पण ते शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या सामायिक व्हिसाच्या क्षेत्राबाहेर आहे. ओस्लोमार्गे जाऊन परत यायचे, तर एकाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा जातानाच खर्ची पडतो. अनेक प्रवेशांचा किंवा किमान दोन प्रवेशांचा व्हिसा हवा.

आजच्या पद्धतीच्या सफरींचा साचा लार्स-एरिक लिंडब्लाड यांच्या ‘लिंडब्लाड एक्सप्लोरर’ने घालून दिला. 1969 मध्ये फिनलंडमध्ये बांधलेले हे जहाज अशा सफरींसाठीच बनवले होते: छोटे, बर्फासाठी मजबूत केलेले, सोबत अभ्यासक आणि उतरण्यासाठी रबरी होड्या. झोडिॲक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या होड्यांत हवेचे वेगवेगळे कप्पे असतात. एक फुटला तरी होडी तरंगते. तळ उथळ असल्याने धक्का नसलेल्या किनाऱ्यालाही ती लागते. होड्या नसत्या तर हा व्यवसाय जहाजाच्या कठड्यावरून डोंगर पाहण्यापुरताच राहिला असता. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथल्या संशोधन संस्थांकडे जहाजे होती आणि पैसा नव्हता. फिनलंडमध्ये बांधलेली ती भक्कम जहाजे पाश्चात्त्य कंपन्यांनी भाड्याने घेतली आणि नव्वदच्या दशकात सफरींची संख्या झपाट्याने वाढली.

धोक्याची घंटा त्याआधीच वाजली होती. 19 जून 1989 च्या रात्री ‘मक्सिम गोर्की’ हे सोव्हिएत प्रवासी जहाज स्वालबार्डच्या पश्चिमेला बर्फावर आदळले. त्यावर 575 प्रवासी आणि 378 कर्मचारी होते. लोक जीवनरक्षक होड्यांत उतरले, काही थेट हिमतुकड्यांवर. नॉर्वेच्या तटरक्षक दलाचे ‘सेन्या’ काही तासांत पोहोचले आणि सगळे वाचले. हवा शांत होती आणि जहाज जवळपास होते म्हणूनच हे जमले. लाँगइयरब्येनहून बचावाचे हेलिकॉप्टर एका फेरीत वीसेक माणसे आणू शकते. दूरच्या पूर्व बेटांवरून शेकडो माणसे काढायची, तर किती फेऱ्या आणि किती इंधन लागेल याचा हिशेब कोणीही करावा. 1 जानेवारी 2017 पासून लागू झालेली ध्रुवीय संहिता, म्हणजे ध्रुवीय समुद्रांतल्या जहाजांसाठीची आंतरराष्ट्रीय नियमावली, हाच हिशेब धरून बनली आहे. मदत येईपर्यंतचा काळ पाच दिवसांपेक्षा कमी धरायचा नाही आणि तेवढे दिवस प्रत्येकजण जगेल इतकी साधने जहाजावर ठेवायची. जड इंधन तेलावरची बंदीही टप्प्याटप्प्याने आली: पूर्वेच्या राखीव क्षेत्रांत 2007, पश्चिमेच्या उद्यानांत 2015, आणि 1 जानेवारी 2022 पासून स्वालबार्डच्या सर्व समुद्रहद्दीत. हे तेल थंड पाण्यात घट्ट होऊन किनाऱ्याला चिकटते आणि गोळा करणे जवळपास अशक्य असते.

8 ऑगस्ट 2007 रोजी हॉर्नब्रेन हिमनदीसमोर ‘अलेक्सेय मारिशेव’ हे जहाज फार जवळ गेले. कड्याचा मोठा भाग कोसळला, बर्फ डेकवर आदळला आणि दीड डझनाहून अधिक माणसे जखमी झाली. हिमनदीचा कडा फक्त वरून पडत नाही. पाण्याखालचा भाग सुटून उसळी मारून वर येतो, आणि त्याची कसलीही पूर्वसूचना नसते. लाट खोल पाण्यात लांबट असते, उथळ किनाऱ्याशी ती उभी राहून फुटते. म्हणून हिमनदीसमोरच्या पुळणीवर उभे राहणे होडीत बसण्याहून धोक्याचे ठरू शकते, हे नवख्यांना पटत नाही.

कंपन्यांनी 2003 मध्ये स्वतःची संघटना स्थापन केली. कोणते जहाज कोणत्या किनाऱ्यावर कधी उतरणार याची आगाऊ नोंद, मार्गदर्शकांचे प्रमाण, बुटांची स्वच्छता अशी शिस्त तिने लावली. बूट धुण्याला काही जण हसतात; पण वेल्क्रोत अडकलेले एक बी इथल्या तापत चाललेल्या जमिनीत रुजू शकते.

उतरण्याची रीत ठरलेली आहे. आधी कप्तानकक्षातून दुर्बिणीने किनारा आणि डोंगरउतार बराच वेळ न्याहाळतात. पिवळसर दगड आणि बसलेले अस्वल दुरून सारखेच दिसतात, म्हणून संशयाच्या ठिपक्यावर काही मिनिटे नजर ठेवून तो हलतो का ते पाहतात. मग पहिली होडी फक्त रक्षकांना घेऊन जाते. ते उंचवट्यामागच्या, दरडीखालच्या न दिसणाऱ्या जागा तपासून उंचावर पहारा धरतात. रायफलीच्या मॅगझिनमध्ये गोळ्या असतात, नळी रिकामी असते. अस्वल आलेच तर आधी आवाज, मग त्याला घाबरवायला झगझगीत ज्योत उडवणारे पिस्तूल, बंदूक शेवटी. त्यानंतर दहा-बारा जणांची एकेक होडी सुटते. जहाजाच्या शिडीवर प्रत्येकाची नोंद होते, म्हणजे परतताना मोजणी चुकत नाही. होडीत उतरताना हात हातात नव्हे, मनगटाच्या वर धरायचा, कारण ओले हातमोजे निसटतात. कॅमेरा पिशवीत आणि दोन्ही हात मोकळे. बहुतेक पडझड याच क्षणी होते.

धुके आले की उतरणे रद्द. प्रवासी नाराज होतात. पण शंभर मीटरपलीकडे दिसत नसेल तर पहाऱ्याला अर्थ राहत नाही. 28 जुलै 2018 रोजी उत्तरेच्या फिप्सओया बेटावर प्रवासी उतरण्याआधी गेलेल्या रक्षकांवरच एका न दिसलेल्या अस्वलाने हल्ला केला. एक रक्षक जखमी झाला, अस्वल मारले गेले. तपासून मगच उतरवण्याची रीत पाळूनही हे घडले. म्हणूनच अस्वलापासूनचे अंतर कायद्याने ठरवले गेले तेव्हा त्याला विरोध करणे अवघड झाले. दूर राहिल्याने अस्वलाचाही फायदा होतो. वसंतात ते सील पकडून वर्षाची चरबी साठवत असते आणि बर्फावरची शिकार एकदा उधळली की ते कष्ट वाया जातात.

वास्तूंचे नियमही असेच. 1946 पूर्वीची माणसाने सोडलेली प्रत्येक वस्तू आपोआप संरक्षित आहे: झोपडी, खिळा, गंजलेला डबा, देवमाशाचे हाड. स्थिर अवशेषांभोवती 100 मीटरचा पट्टाही त्यातच येतो. वर्गोहाम्ना इथून स्वीडनचा सालोमोन ऑगुस्त आंद्रे 11 जुलै 1897 रोजी फुग्यातून ध्रुवाकडे निघाला. तो आणि त्याचे दोघे सोबती यांचे अवशेष 1930 मध्ये क्वितओया बेटावर सापडले. वर्गोहाम्नाला उतरायचे तर राज्यपालांची परवानगी लागते. तिथले लाकूड आणि लोखंड स्मरणचिन्ह म्हणून उचलून नेणाऱ्यांमध्ये सुरुवातीच्या सफरींचे पर्यटकही होते.

हिमनद्या मागे सरकत असल्याने आता नवी अडचण उभी आहे. जुन्या नकाशावर जिथे बर्फ दाखवला आहे तिथे आज पाणी आहे, पण त्याची खोली कोणी मोजलेली नाही, आणि हिमनदीने ढकलत आणलेल्या दगडमातीचे उंचवटे तळाशी लपलेले असतात. सप्टेंबर 2023 मध्ये ईशान्य ग्रीनलँडच्या आल्पेफ्योर्डमध्ये ‘ओशन एक्सप्लोरर’ 206 जणांसह रुतले. तीन दिवसांनी ग्रीनलँडच्या ‘ताराजोक’ या संशोधन जहाजाने भरतीच्या वेळी ते ओढून काढले. त्यामुळे अनुभवी कप्तान अशा खाडीत आपल्याच मागच्या फेरीच्या नोंदलेल्या रेषेवरून जातो. नवी वाट घ्यायची असेल तर आधी खोली मोजणारे यंत्र लावलेली होडी पुढे पाठवतो, आणि आकडे जुळले नाहीत तर जहाज बाहेरच उभे ठेवतो.