उओव्हा इन पुर्गातोरियो

उओव्हा इन पुर्गातोरियो (शुद्धिस्थानातील अंडी) : लसूण आणि ऑलिव्हच्या तेलावर शिजवून दाट केलेल्या टोमॅटोच्या सॉसमध्ये अंडी फोडून सोडायची आणि त्याच सॉसच्या उष्णतेवर व वाफेवर ती शिजू द्यायची, असा दक्षिण इटलीतील एक घरगुती पदार्थ. तो मुख्यतः नेपल्स शहराशी व त्याभोवतीच्या कांपानिया प्रदेशाशी निगडित आहे. नेपल्सच्या बोलीत त्याला ‘ओव्हा म्प्रिआतोरिओ’ म्हणतात. इटलीच्या इतर भागांत हाच पदार्थ ‘उओव्हा अल पोमोदोरो’, म्हणजे टोमॅटोतील अंडी, अशा साध्या नावाने ओळखला जातो. कृती जवळजवळ एकच असताना नेपल्समध्ये त्याला धर्मकल्पनेतून आलेले नाव का मिळाले, हा या पदार्थाविषयीचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर पाककृतीपेक्षा त्या शहराच्या मृतांविषयीच्या श्रद्धेत अधिक सापडते.

पुर्गातोरियो म्हणजे शुद्धिस्थान. ईश्वरकृपेत मरण पावलेल्या, परंतु पापांचे परिमार्जन पूर्ण न झालेल्या आत्म्यांना स्वर्गप्रवेशापूर्वी जेथे शुद्ध व्हावे लागते, ती अवस्था किंवा ते स्थान, असा कॅथलिक धर्मशास्त्रातील या संज्ञेचा अर्थ आहे. मृतांसाठी प्रार्थना करण्याची प्रथा ख्रिस्ती धर्मात फार जुनी असली, तरी ‘पुर्गातोरियुम’ हे नाम बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले, असे फ्रेंच इतिहासकार झाक ल गॉफ यांचे प्रतिपादन आहे. या कल्पनेचा प्रारंभ त्याहून बराच आधी झाल्याचे मानणारे अभ्यासकही आहेत. नाम आणि कल्पना यांत फरक केल्यास या दोन मतांत वाटतो तितका विरोध राहत नाही. लियाँच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने (१२७४) मृत्यूनंतरच्या शुद्धीचा सिद्धान्त मान्य केला. प्रॉटेस्टंट सुधारकांनी तो नाकारल्यावर ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये त्याचा पुनरुच्चार केला. जिवंतांच्या प्रार्थनांचा, दानाचा आणि मिस्सांचा (चर्चमधील प्रभुभोजनाच्या उपासनांचा) शुद्धिस्थानातील आत्म्यांना उपयोग होतो, हे या सिद्धान्ताचे व्यावहारिक अंग होय, आणि नेपल्समध्ये ते विलक्षण बहरले.

नेपल्सच्या जुन्या वस्तीतील व्हिया देई त्रिबुनाली या रस्त्यावर ‘सांता मारिया देल्ले आनिमे देल पुर्गातोरियो आद आर्को’ हे चर्च आहे. त्याचे बांधकाम १६१६ मध्ये सुरू झाले आणि १६३८ मध्ये त्याचा अभिषेक झाला. अनाम मृतांसाठी मिस्सा करण्याकरिता दान गोळा करणाऱ्या एका बंधुसंघाने ते उभारले. चर्चच्या दर्शनी भागातील खांबांवर बसवलेल्या ब्राँझच्या कवट्या जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या हस्तस्पर्शाने गुळगुळीत झालेल्या आहेत. तळघरात गरिबांच्या अस्थी असून तेथे ‘आनिमे पेत्सेन्तेल्ले’, म्हणजे दीन, याचक आत्मे, यांची आराधना चालत असे. भक्त एखादी अनाम कवटी जणू दत्तक घेई, ती पुसून स्वच्छ ठेवी, तिच्यापुढे दिवा लावी आणि त्या आत्म्यासाठी ‘रेफ्रिस्को’ मागे. या बोलीशब्दाचा अर्थ थंडावा असा आहे. जळणाऱ्याला गारवा मिळो, अशी ती प्रार्थना असे, आणि त्याच्या मोबदल्यात आत्म्याने भक्ताचे गाऱ्हाणे वर पोचवावे अशी अपेक्षा असे. १६५६ च्या प्लेगमध्ये दगावलेल्या असंख्य लोकांच्या अस्थी ज्या फोन्तानेल्ले अस्थिगारात आहेत, तेथेही ही प्रथा होती. १९६९ मध्ये नेपल्सच्या धर्मपीठाने अनाम अस्थींच्या या पूजेला मनाई केली. मात्र शहराच्या गल्लीबोळांतील भिंतींवरचे देव्हारे कायम राहिले. त्यांच्या खालच्या खणात भाजक्या मातीच्या लहान मूर्ती असतात : कमरेपर्यंत तांबड्या ज्वाळांत बुडालेल्या, हात वर केलेल्या किंवा जोडलेल्या मानवी आकृती.

पदार्थाच्या नावाची तीन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिल्यानुसार तांबडा, खदखदणारा सॉस म्हणजे शुद्धिस्थानातील अग्नी आणि त्यातून वर डोकावणारी पांढरी अंडी म्हणजे त्यात अर्धवट बुडालेले आत्मे. दुसऱ्यानुसार नावाचा संबंध मिरचीच्या तिखटपणाशी आहे. तिसऱ्यानुसार हा मांसवर्ज्य दिवसांचा, म्हणजे प्रायश्चित्ताचा आहार होता, म्हणून त्याला असे नाव पडले.

यांपैकी तिसरे मत तपासून घेण्याजोगे आहे. मध्ययुगात ईस्टरपूर्व उपवासकाळात मांसाबरोबर अंडी आणि दुधाचे पदार्थही वर्ज्य असत. ईस्टरला अंड्यांचे जे महत्त्व आले त्यामागे हेही एक कारण आहे. ही बंधने पुढे सवलतींद्वारे क्रमाने शिथिल होत गेली, आणि १९१७ च्या धर्मसंहितेने निषिद्ध दिवसांचा नियम मांस व मांसरसापुरता मर्यादित असून अंडी त्यात येत नाहीत, असे स्पष्ट केले. त्यामुळे हा पदार्थ शुक्रवारच्या जेवणात बसतो हे खरे असले, तरी प्रायश्चित्ताच्या आहाराचे मूळ प्रतीक म्हणून अंड्याकडे बोट दाखवणे अवघड आहे. शिवाय मांसवर्ज्य दिवशी चालणारे कितीतरी पदार्थ नेपल्समध्ये आहेत आणि त्यांना असे नाव मिळालेले नाही. दुसऱ्या मताविषयी असे म्हणता येईल की, अनेक घरांत या पदार्थात मिरची पडतच नाही, तरीही नाव तेच राहते. देव्हाऱ्यातील आकृती आणि कढईतील दृश्य यांचे साम्य मात्र त्या गल्ल्यांतून रोज जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सदैव होते. त्यामुळे पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. त्याला आणखी एक आधार देता येतो. शुद्धिस्थानातील वास्तव्य कायमचे नसते, आत्मा तेथून बाहेर पडतो, तशीच अंडीही थोड्याच वेळात, आतून मऊ असतानाच आचेवरून उतरवावी लागतात. अमेरिकेत या पदार्थाला काही ठिकाणी ‘नरकातील अंडी’ म्हणतात. त्या नावात ज्वाळा राहिल्या, परंतु सुटकेची कल्पना हरवली. नेपल्सच्या श्रद्धेत तीच मध्यवर्ती असल्यामुळे हा फरक किरकोळ मानता येत नाही.

पदार्थाचा काळ ठरवताना टोमॅटोचा इतिहास निर्णायक ठरतो. अमेरिका खंडातून आलेल्या या फळाचे वर्णन सिएनाचा वैद्य प्येत्रो आंद्रेआ मात्तिओली याने १५४४ मध्ये केले आणि १५५४ च्या आवृत्तीत ‘पोमी दोरो’ (सोनेरी फळे) हे नाव नोंदवले. त्यानंतर बराच काळ टोमॅटो हे बागेतील कुतूहलाचे फळ राहिले. सॉसची पहिली महत्त्वाची मुद्रित कृती नेपल्समध्येच मिळते : आंतोनिओ लातिनी या खानसामाप्रमुखाच्या १६९२–९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील ‘स्पॅनिश पद्धतीचा टोमॅटो सॉस’. निखाऱ्यावर भाजून सोललेले टोमॅटो बारीक चिरून त्यांत कांदा, मिरची, रानटी थाइम, मीठ, तेल आणि व्हिनेगर घालण्यास त्याने सांगितले आहे. नेपल्स त्या वेळी स्पेनच्या सत्तेखाली होते (१५०३–१७०७), हे लक्षात घेता नावातील ‘स्पॅनिश’ या शब्दाचे आश्चर्य वाटत नाही. मात्र हा सॉस शिजवून आटवलेला नाही. तो उकडलेल्या मांसाबरोबर घ्यायच्या चटणीसारखा आहे आणि त्यात अंडी शिजवणे शक्य नाही. त्यामुळे लातिनीच्या कृतीला या पदार्थाचा पूर्वज ठरवण्याची जी प्रवृत्ती दिसते, ती जपूनच स्वीकारली पाहिजे.

अठराव्या शतकात विन्चेन्त्सो कोर्रादोच्या ग्रंथात (१७७३) टोमॅटोचे अनेक पदार्थ आले. इप्पोलितो काव्हालकांतीच्या पाककृतिसंग्रहाच्या १८३९ च्या आवृत्तीला नेपल्सच्या बोलीत लिहिलेली घरगुती स्वयंपाकाची पुरवणी जोडलेली असून तीत टोमॅटोतील शेवया (व्हेर्मिचेल्ली) आहेत. शिजवून दाट केलेला टोमॅटो हा तोपर्यंत शहरातील सामान्य घरांच्या रोजच्या जेवणात आला होता, याचा हा स्पष्ट पुरावा होय. यावरून सॉसमध्ये अंडी शिजवण्याची रीत आजच्या स्वरूपात अठराव्या शतकाच्या अखेरीपूर्वी जाण्याची शक्यता कमी आहे, आणि ती एकोणिसाव्या शतकात सर्वत्र रुळली असावी, असा निष्कर्ष काढता येतो.

या पदार्थाला लागणाऱ्या टोमॅटोचा पुरवठा वर्षभर होत राहिला, तो साठवणुकीच्या दोन पद्धतींमुळे. कांपानियातील घरांमध्ये उन्हाळ्याच्या अखेरीस टोमॅटो गाळून बाटल्यांत भरतात आणि त्या बाटल्या पाण्यात उकळून हिवाळ्यासाठी ठेवतात. या कामाला सारे कुटुंब जमते. व्हेसूव्हियसच्या उतारावर पिकणाऱ्या, टोकदार अशा ‘प्येन्नोलो’ जातीच्या टोमॅटोंचे घोस दोऱ्याला बांधून टांगून ठेवले, तर ते थंडीतही टिकतात. या जातीला २००९ मध्ये युरोपीय संघाचे संरक्षित मूळस्थान-मानांकन मिळाले. सार्नो नदीच्या खोऱ्यातील लांबट सान मार्त्सानो टोमॅटोला ते १९९६ मध्ये मिळाले होते. गर अधिक, बिया कमी आणि साल सहज सुटणारी असल्यामुळे सान मार्त्सानो सॉससाठी पसंत केला जातो.

कृती साधी आहे. साधारण ४०० ग्रॅम टोमॅटोला चार अंडी घेतात. तेलात ठेचलेली लसणाची पाकळी बदामी होऊ देतात (काही जण लसणाऐवजी कांदा वापरतात), टोमॅटो घालून १५ ते २० मिनिटे मंद आचेवर आटवतात, मीठ आणि बेसिलची पाने घालतात, चमच्याने खळगे करून प्रत्येकात एक अंडे सोडतात आणि झाकण ठेवतात. वरून किसलेले पार्मेसान किंवा पेकोरिनो चीज आणि पार्सली घालतात. काही घरांत धुरावलेले प्रोव्होला चीज घालण्याचीही पद्धत आहे.

यातील झाकण आणि सॉसचा दाटपणा या दोन गोष्टींचे कारण अंड्याच्या घटनेत आहे. अंड्याच्या पांढऱ्या भागातील ओव्होट्रान्सफेरिन हे प्रथिन सुमारे ६१° से. तापमानाला गोठू लागते. त्या भागातील प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक असलेले ओव्हाल्ब्युमिन मात्र सुमारे ८०° से.ला गोठते. पिवळा बलक सुमारे ६५° से.ला दाटू लागतो आणि ७०° से.च्या आसपास घट्ट होतो. म्हणजे पांढरा भाग पुरता घट्ट व्हायला बलकापेक्षा अधिक उष्णता लागते, आणि स्वयंपाक्याला हवे असते ते नेमके उलट : पांढरा भाग घट्ट आणि बलक वाहता. सॉसमध्ये सोडलेल्या अंड्याचा पांढरा भाग तळाकडून व कडांकडून उकळत्या सॉसला थेट चिकटतो, तर बलक त्याच्या आवरणात उंच राहतो. त्यामुळे चार ते सहा मिनिटांत हा मेळ साधता येतो. झाकणाखालची वाफ वरच्या पातळ थराला शिजवते. झाकण नसेल तर तो थर कच्चा राहतो आणि तो शिजेपर्यंत खाली बलक कडक होऊन जातो. टोमॅटोची आम्लता (पीएच साधारण ४.२ ते ४.६) प्रथिनांच्या गोठण्याला गती देते. पाण्यात अंडी सोडताना व्हिनेगर घालतात ते याच हेतूने. सॉस पातळ असल्यास पांढरा भाग धाग्यांसारखा पसरून जातो, म्हणून आटवण्याची पायरी टाळता येत नाही. याच आम्लतेमुळे कल्हई नसलेल्या तांब्याच्या किंवा साध्या लोखंडाच्या भांड्यात हा सॉस शिजवू नये. परंपरेने बसक्या, दोन कानांच्या ‘तेगामे’ नावाच्या पसरट भांड्याचा वापर होतो.

पदार्थ भांड्यासह ताटाशी आणतात आणि पावाबरोबर खातात. उरलेला सॉस पावाच्या तुकड्याने टिपून घेण्याला इटालियनमध्ये ‘स्कार्पेत्ता’ (छोटा जोडा) म्हणतात. औपचारिक मेजवानीत ते शिष्टसंमत नसले, तरी या पदार्थाचा तो जवळजवळ आवश्यक भाग आहे. रोममधील ‘उओव्हा इन त्रिप्पा’ हा पदार्थ टोमॅटो, पेकोरिनो आणि रानपुदिन्यामुळे जवळचा वाटतो, परंतु त्यात अंड्याच्या पोळीच्या पट्ट्या सॉसमध्ये घोळवतात. तिथे अंडे सॉसमध्ये शिजत नाही, म्हणून तो वेगळ्या वर्गातला.

भूमध्यसागराभोवती या पदार्थाचे आप्त बरेच आहेत : ट्युनिशिया व लिबियातील शक्शूका, तुर्कस्तानातील मेनेमेन, सेव्हिलमधील ‘उएव्होस आ ला फ्लामेंका’. यांतील कोण कोणापासून निघाले, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. संपर्काचे मार्ग खरोखरच होते : १६०९ पासून स्पेनमधून घालवलेले मोरिस्को (ख्रिस्ती केले गेलेले मुसलमान व त्यांचे वंशज) ट्युनिशियात स्थायिक झाले, इटलीतील लिव्होर्नो बंदराच्या ज्यू व्यापाऱ्यांची वसाहत ट्युनिसमध्ये होती, आणि एकोणिसाव्या शतकात सिसिलीहून मोठ्या संख्येने लोक तेथे गेले. १९६७ मध्ये लिबिया सोडलेले ज्यू रोममध्ये आल्यावर शक्शूका इटलीतही आला. परंतु मार्ग दाखवला म्हणजे उसनवारी सिद्ध होत नाही. शक्शूकात जिरे, भोपळी मिरची आणि अनेकदा हरिस्सा (तिखट मिरचीची वाटलेली चटणी) असते. नेपल्सच्या पदार्थात यातले काही नसून त्याची सारी चव लसूण, तेल आणि बेसिल यांवर उभी आहे. टोमॅटो आणि कोंबडी दोन्ही ज्या स्वयंपाकघरात आहेत तेथे असा पदार्थ स्वतंत्रपणे निर्माण होऊ शकतो, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. मुंबईच्या पारशी घरांतील ‘तमोटा पर ईडुं’ हे त्याचे चांगले उदाहरण आहे. कांदा, हिरवी मिरची आणि कोथिंबीर घालून शिजवलेल्या टोमॅटोवर अंडी फोडून झाकण ठेवण्याची ही रीत पारशांच्या ‘पर ईडुं’ या व्यापक प्रकारातील आहे. त्या प्रकारात भेंडी, बटाटा किंवा मेथीवरही अशीच अंडी घातली जातात, आणि त्यामुळे तिचे मूळ इटलीत शोधण्याचे कारण राहत नाही.