डब्यावर न छापलेला फोन

मागच्या आठवड्यात कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका फोन दुरुस्तीच्या दुकानात दाजींचा फोन घेऊन गेलो होतो. अडीच वर्षांपूर्वी अठरा हजारांना घेतलेला, रोजच्या वापरातला साधा अँड्रॉइड. मागचं पॅनल एका कडेनं उचललं होतं, फटीत नख जाईल इतकं. कारागिरानं कडेवरून बोट फिरवलं आणि लगेच म्हणाला, "सर, बॅटरी फुगलीय. आता चार्जिंगला लावू नका." त्यानं कडा बेताच्या गरम केल्या, गम मऊ झाला तसं प्लास्टिकचं पातळ पातं फटीत सरकवलं आणि चारी बाजूंनी सावकाश फिरवलं. पाठ अलगद सुटली.

मी बॅटरी बघायला वाकलो होतो, पण नजर कॅमेऱ्यांवर अडकली. बाहेरून फोनला तीन सारख्या रिंगा होत्या, तिन्ही रुबाबदार. आत मात्र एकच कॅमेरा डोळ्यांत भरण्यासारखा होता. बाकीचे दोन मसुराच्या दाण्याहून जरासे मोठे, मोठ्या काचेमागे कोपऱ्यात बसवलेले. "ह्यो खरा," कारागीर चिमट्यानं दाखवत म्हणाला, "ही दोन शोला हैत."

पंधरा ते पंचवीस हजारांच्या फोनचं सगळं गणित मला त्या चिमट्याच्या टोकाशी दिसलं. या किमतीत सगळंच उत्तम देता येत नाही. कंपनी एक भाग खरोखर चांगला घालते, त्याचा आकडा डब्यावर ठळक छापते आणि बचत त्याच्या शेजारच्या भागात करते. ५० मेगापिक्सलच्या शेजारी २ मेगापिक्सलचे दोन. सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणाऱ्या, म्हणजे १२० हर्ट्झच्या पडद्यामागे संथ स्टोरेज. म्हणून छापलेला आकडा वाचला की त्याच्या शेजारी काय आहे, तेही विचारावं.

कॅमेऱ्यापासूनच सुरू करू. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, पण कोल्हापुरात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. उद्यमनगरातल्या कारखान्यांत बोअर, म्हणजे लोखंडात पाडलेलं भोक, दहा-वीस मायक्रॉन इकडचं तिकडं झालं तर जॉब परत येतो. आता फोनच्या सेन्सरवरचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपवरचा, एक पिक्सल बघा. दोन फोनांवर सारखंच '५० मेगापिक्सल' लिहिलेलं असतं, पण एकात पिक्सलची बाजू ०.८ मायक्रॉन असते, दुसऱ्यात ०.६४. केसाच्या जाडीत असे शंभरएक पिक्सल शेजारी शेजारी बसतील. ०.८ आणि ०.६४ मधला फरक किरकोळ वाटतो, पण प्रकाश पडतो तो क्षेत्रफळावर. ते काढलं तर पहिला पिक्सल दुसऱ्याच्या दीडपटीहून मोठा निघतो. पावसाच्या पहिल्या थेंबांखाली अंगणात परात ठेवली आणि वाटी ठेवली, तर कशात जास्त पाणी साठेल? तेच इथं. शिवाय लाल प्रकाशाची तरंगलांबीच साधारण ०.६२ ते ०.७५ मायक्रॉन आहे. म्हणजे ज्या प्रकाशाला पकडायचं त्याच्या एका लाटेएवढं भांडं आपण मांडून बसलोय. याहून लहान भांडी करत गेलं तर काय हाती लागणार, हा प्रश्न निसर्गच विचारतो.

यावर अभियंत्यांनी काढलेली तोड मला फार आवडते. शेजारचे चार पिक्सल एकाच रंगाच्या गाळणीखाली ठेवायचे आणि उजेड कमी असेल तेव्हा चौघांची बेरीज करून एक मोठा पिक्सल मानायचा. म्हणूनच ५० मेगापिक्सलचा कॅमेरा नेहमीचा फोटो साडेबारा मेगापिक्सलचाच देतो. ती फसवणूक नाही, तो शहाणपणा आहे. सेटिंगमध्ये जाऊन पूर्ण ५० लावायचे ते दुपारच्या उन्हात, एरवी त्या वाटेला जाऊ नये.

याची खरी परीक्षा होते त्रिपुरारी पौर्णिमेला. पहाटे पंचगंगेच्या घाटावर हजारो पणत्या लागतात, पाण्यात त्यांची प्रतिबिंबं आणि वर अजून काळोख. गेल्या वेळी मी पायऱ्यांवर उभा राहून फोन नाइट मोडवर लावला. पडद्यावर आलं, 'फोन स्थिर धरा'. त्या दोन-तीन सेकंदांत फोन एक फोटो काढत नाही. तो एकापाठोपाठ अनेक फोटो काढतो, हात हलल्यामुळे झालेली सरकासरक मोजून ते एकमेकांवर बरोबर बसवतो आणि सरासरी काढतो. पणतीची ज्योत प्रत्येक फोटोत त्याच जागी असते, म्हणून ती टिकते. काळोखातले रंगीत दाणे मात्र दर फोटोत वेगळ्या जागी पडतात, त्यामुळे सरासरीत ते विरतात. किती विरतात, तेही गणितानं ठरलेलं आहे: नऊ फोटो जमवले तर दाणे एक तृतीयांशावर येतात, सोळा जमवले तर एक चतुर्थांशावर. म्हणजे फोटोंच्या संख्येचं वर्गमूळ. माझ्या फोटोत दगडी पायऱ्या लख्ख आल्या आणि पाण्यातली प्रतिबिंबं पुसट झाली, कारण पाणी क्षणभरही थांबलं नव्हतं.

'ओआयएस', म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा, असलेला फोन इथं पुढं जातो. त्यात कॅमेऱ्याचं भिंग लवचीक आधारावर तरंगतं ठेवलेलं असतं आणि तारेच्या बारीक कॉइल आणि चुंबकं ते सरकवतात. हात उजवीकडं हलला की जायरोस्कोप हा हालचाल मोजणारा सेन्सर ते ओळखतो आणि भिंग तेवढंच उलट दिशेला सरकतं. हे सेकंदात शेकडो वेळा चालतं. माझ्या मते या किमतीत दोन शोभेचे कॅमेरे कमी असले तरी चालतील, ओआयएस हवं. फक्त एक जपा. असा फोन बुलेटच्या हँडलवर लावून रोज फिरवू नका. मोठ्या इंजिनची थरथर या तरंगत्या भिंगाला सोसत नाही. ॲपलनं २०२१ साली आपल्या ग्राहकांना हेच सांगितलं होतं, आणि भौतिकशास्त्र अँड्रॉइडला काही वेगळं लागू होत नाही.

आता स्टोरेज. डब्यावर '१२८ जीबी' असतं, पण ते कोणत्या जातीचं, ते बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच. ईएमएमसी ५.१ ही जुनी जात सेकंदाला जास्तीत जास्त ४०० एमबी वाचते. यूएफएस २.२ साधारण १ जीबीपर्यंत जाते. वेगाहून मोठा फरक वाहतुकीचा आहे. ईएमएमसी म्हणजे अरुंद पूल: एका बाजूची वाहनं थांबवून दुसऱ्या बाजूची सोडायची. यूएफएसवर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी वाहतूक चालते. ॲप अपडेट होत असताना फोन अडकून बसतो तो बहुतेक वेळा या पुलावर, आणि आपण शिव्या घालतो प्रोसेसरला. नवा फोन पहिले सहा महिने छान पळतो, म्हणून दुकानात हे कधीच कळत नाही.

त्याच्या जोडीला '८ + ८ जीबी रॅम' हा प्रकार. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि स्टोरेज म्हणजे माळा. ओटा भरला म्हणून पातेली माळ्यावर ठेवली तर जागा होते, हे खरं. पण परत हवी असतील तर शिडी लावावी लागते. या फोनांतली रॅम सेकंदाला १७ जीबीपर्यंत माहिती हलवू शकते, माळा १ जीबीच्या आसपास. दुसरे ८ जीबी माळ्यावरचे असतात. फोन घेताना पहिलाच आकडा धरावा.

प्रोसेसरबद्दल थोडक्यात सांगतो. आठ कोअर म्हणजे आठ सारखे कामगार नव्हेत. दोन किंवा चार दांडगे असतात, बाकीचे काटकसरी. संदेश वाचताना काटकसरी काम करतात, गेम लावला की दांडगे उठतात. दांडग्यांची अडचण अशी की वेग वाढवायला व्होल्टेजही वाढवावं लागतं आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गानं वाढतो. तो खर्च सगळा उष्णतेत जातो. फोनला पंखा नाही, घाम नाही, आहे ती फक्त पाठ. तीन-चार वॅटपेक्षा जास्त उष्णता सतत बाहेर टाकायची वेळ आली की हाताला चटका बसू लागतो, म्हणून फोन स्वतःच वेग उतरवतो. चैत्रातल्या दुपारी कावळा नाक्यावर नकाशा लावून उभं राहिलं की पडदा आपोआप मंद होतो, तो याचमुळे. आणि '४ नॅनोमीटर' हे आता पिढीचं नाव उरलंय. त्या मापाचा एखादा भाग आत सापडेल असं समजू नये.

उष्णतेचा विषय निघाला की बॅटरीकडं यावंच लागतं, आणि दाजींच्या फोनची कथा तिथलीच. ५००० एमएएच ही बॅटरी म्हणजे सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा. ९ वॅटचा एलईडी दिवा दोन तास जळेल एवढी. ऐकायला कमी वाटते. पण २०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरात दाजींच्या नदीकाठच्या गावात वीज नव्हती आणि फोन कुणाचा चालू आहे याची चौकशी घरोघरी होत होती. तेव्हापासून या १९ वॅट-तासांचं मोल मला वेगळं सांगावं लागत नाही.

आत ग्राफाइटचा एक थर, कोबाल्ट ऑक्साइडचा दुसरा, आणि मधल्या द्रवातून ये-जा करणारे लिथियमचे आयन. सोनीनं ही बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आणली. तिच्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तिला दोन गोष्टी सोसत नाहीत: उष्णता आणि सतत काठोकाठ भरलेलं राहणं. दोन्ही एकत्र आल्या की मधला द्रव हळूहळू विघटित होतो, त्यातून वायू सुटतो आणि बॅटरीचं पाऊच, म्हणजे तिची बंद पिशवी, फुगते. दाजींचा फोन वर्षभर गाडीच्या हँडलवर होता, उन्हात, आणि गाडीवरच्या चार्जरला जोडलेला. म्हणजे कायम शंभर टक्के आणि कायम तापलेला. कारागिरानं जुनी बॅटरी बाहेर काढून टेबलावर ठेवली, तेव्हा ती उशीसारखी दिसत होती. ती हलकेच उचलून त्यानं वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकली. अशी बॅटरी दाबू नये, टोचू नये, घरी तर मुळीच उघडू नये. आतला द्रव पेट घेतो.

'६७ वॅट चार्जिंग' हेही असंच तपासून बघा. १९ ला ६७ नं भागलं तर सतरा मिनिटं येतात. प्रत्यक्षात पाऊण तासाच्या आसपास लागतो, कारण ६७ वॅट सुरुवातीची काही मिनिटंच मिळतात. भरत आलेल्या बसमध्ये शेवटच्या माणसाला आत शिरायला वेळ लागतो, तसं आयनांना ग्राफाइटमध्ये जागा मिळायला वेळ लागतो. घाई केली तर लिथियम आत न शिरता वरच साचतं आणि त्यातलं बरंचसं कायमचं वाया जातं. सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर चालू ठेवा.

पडद्याचं एवढंच सांगतो: एमोलेड पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका, म्हणून डार्क मोडमध्ये वीज वाचते. एलसीडी पडद्यात मागचा दिवा जळतच राहतो, तिथं डार्क मोड फक्त डोळ्यांना बरा. फोन उघडायचा बोटाचा ठसाही पडद्याशीच जोडलेला आहे. पडद्याखालचा सेन्सर बहुधा बोटाचा फोटो काढतो. फौंड्रीत किंवा गुऱ्हाळात हात झिजलेल्या माणसाचा ठसा त्याला अनेकदा उमटत नाही. त्यांनी दुकानात स्वतःचं बोट लावून बघावं आणि मगच पैसे द्यावेत.

तोवर नवी बॅटरी बसली होती. कारागिरानं जुना गम खरवडला, कडेनं नवा लावला, पाठ दाबली आणि फोनला चार चिमटे लावून ठेवला. "अर्धा तास तरी ऱ्हाऊ द्या," म्हणाला. "आणि सर, पावसात जपून. कंपनीचं सील गेलं आता." धूळ-पाण्यापासून फोन किती जपला जातो ते सांगणारा आयपी आकडा या फोनचा ५४ होता, म्हणजे नवा असतानाही फक्त शिंतोड्यांपुरता. एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारे आयपी ६७ वेगळे, आणि तीही परीक्षा प्रयोगशाळेतल्या स्वच्छ, स्थिर पाण्याची असते. हे सगळं संरक्षण त्या कडेच्या गमवर आणि छिद्रांभोवतीच्या रबरावर उभं असतं.

संध्याकाळी फोन दाजींच्या हातात दिला आणि डब्यात टाकलेल्या त्या उशीचा फोटो दाखवला. त्यांनी तो दोनदा मोठा करून बघितला. मग काही न बोलता पाना घेऊन अंगणात गेले आणि गाडीच्या हँडलवरचा होल्डर काढायला बसले.